मासे जगले, पण किती दिवस?

एका शिक्षक शिबिरात पर्यावरणावरील तास संपल्यावर एका सरांनी आमच्यासमोर एक कागद ठेवला. त्यांच्या गावाजवळ होऊ घातलेल्या कारखान्याच्या पर्यावरणीय परिणाम अहवालाचा तो मराठी सारांश होता. त्यातल्या एका वाक्याखाली त्यांनी लाल रेघ ओढली होती. प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात ९६ तास ठेवलेल्या माशांपैकी ९० टक्क्यांहून अधिक मासे जिवंत राहतील, सबब नदीतील जीवसृष्टीवर कोणताही परिणाम संभवत नाही, असे ते वाक्य होते. "मासे तर जगताहेत," सर म्हणाले, "मग आमच्या गावचे भोई उगाच घाबरतात का?"

या वाक्याचा पहिला भाग अगदी खरा असू शकेल. पण दुसरा भाग पहिल्यातून निघत नाही. 'सबब' हा शब्द तिथे बसायलाच नको होता. मात्र ही चूक केवळ अहवाल लिहिणाऱ्याची नाही. विसाव्या शतकात जगभरच्या वैज्ञानिकांनीही ती केली आणि मोठी किंमत मोजून ती सुधारली. त्या इतिहासाची ओळख आपण येथे करून घेऊ.

दोन शब्द, दोन प्रश्न

आधी शब्दांचा गोंधळ दूर करू. विषशास्त्रात 'अ‍ॅक्यूट' आणि 'क्रॉनिक' असे विषारीपणाचे दोन प्रकार मानतात. मराठीत 'अ‍ॅक्यूट'ला अनेकदा 'तीव्र' म्हटले जाते आणि तेथेच विद्यार्थी फसतो. तीव्र म्हणजे जास्त जहाल आणि दुसरा प्रकार म्हणजे सौम्य, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात हा भेद जहालपणाचा नसून काळाचा आहे. एकदाच किंवा थोडा वेळ संपर्क आला आणि काही तासांत वा दिवसांत परिणाम दिसला, तर तो तात्कालिक विषारीपणा. आयुष्याच्या मोठ्या भागात थोडाथोडा संपर्क येत राहिला आणि वाढ खुंटणे, अंडी न उबणे, पिल्ले न जगणे असे परिणाम दिसले, तर तो दीर्घकालीन विषारीपणा. या लेखात आपण 'तात्कालिक' आणि 'दीर्घकालीन' हेच शब्द वापरू.

दोन्ही मोजमापांत विचारलेला प्रश्नच वेगळा असतो. पहिल्यात विचारतात, "किती मेले?" दुसऱ्यात विचारतात, "पुढची पिढी आली का?"

औषधांसाठी जन्मलेला आकडा

तात्कालिक विषारीपणाचा सर्वांत प्रसिद्ध आकडा म्हणजे एलडी-५०. प्रयोगातल्या निम्म्या प्राण्यांना मारणारी ही मात्रा. इंग्लंडमधील वेलकम प्रयोगशाळेत काम करणाऱ्या जे. डब्ल्यू. ट्रेव्हन यांनी १९२७ मध्ये ती सुचवली. त्यांच्यापुढचा प्रश्न पर्यावरणाचा नव्हता, औषधांचा होता. हृदयविकारावरील डिजिटॅलिस किंवा त्या वेळी नवे असलेले इन्सुलिन यांची ताकद तेव्हा रासायनिक तराजूवर मोजता येत नसे. एका घाण्यातले औषध दुसऱ्या घाण्यातल्या औषधाइतकेच प्रभावी आहे की नाही, हे प्राण्यांवर तपासूनच ठरवावे लागे.

त्यासाठी पूर्वी 'कमीत कमी मारक मात्रा' शोधत. ही मात्रा स्थिर नसते, हे ट्रेव्हन यांनी दाखवले. वर्गातील गुणांचे उदाहरण घेऊ. वर्गातला सर्वांत कमी गुण कोणाला पडतो हे एखाद्याच विद्यार्थ्यावर अवलंबून असते. तो गैरहजर राहिला तर आकडा एकदम बदलतो. वर्गाचा मधला गुण मात्र सहसा फारसा हलत नाही. प्राण्यांचेही तसेच आहे. सर्वांत नाजूक प्राणी केव्हा मरेल हे सांगणे अवघड असते, पण निम्मे केव्हा मरतील हे बऱ्याच खात्रीने सांगता येते. म्हणून पन्नास टक्के.

हा विचार सांख्यिकीच्या दृष्टीने अगदी चोख होता. पण एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. एलडी-५० हा आकडा तुलनेसाठी जन्मला होता. 'किती मात्रा निर्धोक?' या प्रश्नाचे उत्तर देणे हे त्याचे कामच नव्हते.

पुढे ही कल्पना पाण्यात उतरली. १९५१ मध्ये अमेरिकेत पीटर डूडोरॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कारखान्यांचे सांडपाणी माशांवर तपासण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. टाक्यांमध्ये निरनिराळ्या प्रमाणात सांडपाणी मिसळायचे, मासे सोडायचे आणि २४, ४८ व ९६ तासांनी मोजदाद करायची. पाण्यात मात्रेऐवजी प्रमाण मोजले जाते, म्हणून निम्मे मासे मारणाऱ्या प्रमाणाला पुढे एलसी-५० हे नाव रूढ झाले. ९६ तासच का? सोमवारी सुरू केलेला प्रयोग शुक्रवारी संपतो आणि रविवारची सुट्टी वाचते, असे प्रयोगशाळांमध्ये गमतीने म्हटले जाते. गंमत सोडली तरी मुद्दा उरतोच. चार दिवस ही माशाच्या आयुष्यातली कोणतीही नैसर्गिक पायरी नव्हे. ती प्रयोग करणाऱ्याची सोय आहे.

क्लिअर लेकची चिलटे

सोयीचा आकडा निसर्गात कसा फसतो, याचा धडा कॅलिफोर्नियातील क्लिअर लेक या सरोवराने दिला. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला असलेल्या या उथळ सरोवरावर मासे धरण्यासाठी आणि सहलीसाठी पुष्कळ लोक येत. तेथे एका जातीच्या चिलटांचे थवेच्या थवे उठत. ही चिलटे चावत नसत, पण लोक हैराण होत. त्यांच्या अळ्या सरोवराच्या तळाशी वाढत.

त्या काळात डीडीटीचा दबदबा होता. पॉल म्यूलर यांनी १९३९ मध्ये डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधला होता. १९४३-४४ च्या हिवाळ्यात इटलीतील नेपल्स शहरात उवांमुळे पसरणारा टायफस आटोक्यात आणताना दहा लाखांहून अधिक लोकांच्या अंगावर डीडीटीची भुकटी फवारली गेली आणि त्यांना लगेच काही अपाय झाल्याचे दिसले नाही. १९४८ मध्ये म्यूलर यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तात्कालिक कसोटीवर डीडीटी माणसासाठी खरोखरच सौम्य होते.

तरीही क्लिअर लेकच्या व्यवस्थापकांनी बेफिकिरी केली नाही. डीडीटी माशांना घातक ठरते म्हणून त्यांनी त्याचा जवळचा नातलग डीडीडी निवडला, कारण तो माशांना कमी मारक होता. सरोवरातील पाण्याचे आकारमान मोजून १९४९ मध्ये पाण्याच्या सात कोटी भागांत एक भाग इतकेच डीडीडी टाकले. चिलटे जवळजवळ नाहीशी झाली आणि मासे जगले. काही वर्षांनी चिलटे परत आली, तेव्हा १९५४ मध्ये पाच कोटी भागांत एक भाग या प्रमाणात पुन्हा फवारणी झाली.

त्याच हिवाळ्यात सरोवरावर वेस्टर्न ग्रीब हे पक्षी मरून पडू लागले. शंभराहून अधिक मृत्यूंची नोंद झाली. हा पक्षी म्हणजे आपल्या तळ्यांवर बुड्या मारणाऱ्या टिबुकलीचा मोठा नातेवाईक. तो मासे खाऊन जगतो. मेलेल्या पक्ष्यांत संसर्गजन्य रोग सापडला नाही. १९५७ मध्ये तिसरी फवारणी झाली आणि पुन्हा पक्षी मेले. तेव्हा कोणीतरी त्यांची चरबी तपासायचे ठरवले. त्या चरबीत डीडीडी सापडले दशलक्ष भागांत १६०० भाग!

आता थोडे गणित करू. पाण्यात टाकलेले सर्वाधिक प्रमाण पाच कोटींत एक, म्हणजे दशलक्षात ०.०२ भाग होते. पाण्यावर तरंगणाऱ्या सूक्ष्म प्लवकांमध्ये ते ५ भाग, म्हणजे पाण्याच्या २५० पट निघाले. प्लवक खाणाऱ्या माशांत त्याहून जास्त, मासे खाणाऱ्या माशांत त्याहूनही जास्त, आणि पक्ष्याच्या चरबीत १६००, म्हणजे पाण्याच्या ८०,००० पट. डीडीडी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, चरबीत मात्र सहज विरघळते, आणि शरीर ते लवकर बाहेर टाकू शकत नाही. त्यामुळे अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर ते साठत गेले. शेवटच्या फवारणीनंतर थोड्याच काळात पाण्याची तपासणी केली, तेव्हा पाण्यात डीडीडीचा मागमूसही नव्हता. पाणी 'शुद्ध' झाले होते, कारण विष सजीवांच्या शरीरात जाऊन बसले होते.

मेलेल्या पक्ष्यांपेक्षाही गंभीर गोष्ट जिवंत राहिलेल्यांची होती. फवारणीपूर्वी सरोवरावर ग्रीबच्या हजाराहून अधिक जोड्या घरटी करीत. १९६० च्या सुमारास जेमतेम तीस जोड्या उरल्या. त्यांनी घरटी बांधली, पण अनेक वर्षे पाण्यावर पिल्ले दिसली नाहीत. ९६ तासांच्या कोणत्याही चाचणीत हे दिसणे शक्यच नव्हते. त्या चाचणीत मासे होते, ग्रीब नव्हते. पाणी होते, अन्नसाखळी नव्हती. आणि घरट्याचा तर प्रश्नच नव्हता. ई. जी. हंट आणि ए. आय. बिशॉफ यांनी १९६० मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध केला आणि १९६२ मध्ये रेचल कार्सन यांच्या 'सायलेंट स्प्रिंग'मुळे तो जगाला माहीत झाला.

जुन्या अंड्यांची साक्ष

न मारताही विष एखादी जात कशी संपवू शकते, याचा खुलासा ब्रिटनमधून आला. तेथे बहिरी ससाण्यांची संख्या झपाट्याने घटत होती. घरट्यांमध्ये फुटलेली अंडी सापडत. डेरेक रॅटक्लिफ यांनी छंदिष्ट लोकांनी अनेक दशके जमवलेली अंडी तपासली आणि आकाराच्या मानाने कवचाचे वजन किती आहे ते मोजले. १९४७ च्या सुमारास, म्हणजे डीडीटीचा वापर सर्रास सुरू झाला त्याच काळात, कवचाचे वजन सुमारे एक-पंचमांशाने घटलेले दिसले. हा निष्कर्ष १९६७ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. दोन घटना एकाच काळी घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे खरे. म्हणून नियंत्रित प्रयोगाची गरज होती. अमेरिकेत मॅलार्ड बदकांना डीडीटीपासून शरीरात तयार होणारा डीडीई हा पदार्थ खाद्यातून देऊन पाहिला गेला. १९६९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. कवचे पातळ झाली, अंडी तडकली, पिल्लांची संख्या घटली. बदके मात्र जिवंत होती. 'किती मेले?' या प्रश्नाचे उत्तर 'एकही नाही' असे आले असते.

दोहोंमधला पूल

आता वैज्ञानिकांपुढे व्यवहाराचा प्रश्न उभा राहिला. दीर्घकालीन चाचणीला महिने लागतात, खर्च मोठा येतो आणि बहुतेक माशांची पैदास टाकीत होत नाही. मग तात्कालिक आकड्यालाच एखाद्या संख्येने भागून निर्धोक प्रमाण काढता येईल का?

डोनाल्ड माउंट आणि चार्ल्स स्टीफन यांनी १९६७ मध्ये यावर एक नमुनेदार प्रयोग प्रसिद्ध केला. फॅटहेड मिनो हा बोटाएवढा मासा टाकीत अंडी घालतो. त्यांनी हे मासे दहा महिने कीटकनाशकाच्या निरनिराळ्या प्रमाणांत ठेवले आणि वाढ, अंडी व पिल्ले यांच्यावर लक्ष ठेवले. मॅलॅथिऑनच्या बाबतीत ९६ तासांत निम्मे मासे मारणाऱ्या प्रमाणाच्या १/४५ एवढे प्रमाण निरुपद्रवी ठरले. २,४-डी या तणनाशकाच्या एका संयुगासाठी हा अपूर्णांक १/१९ निघाला. म्हणजे एकच भाजक सगळ्या पदार्थांना चालत नाही, हे पहिल्याच झटक्यात दिसले. पुढे १९७७ मध्ये जे. एम. मॅककिम यांनी अनेक चाचण्यांचा आढावा घेऊन दाखवले की बहुतेक वेळा गर्भ, अळी आणि लहानगे पिल्लू याच अवस्था सर्वांत नाजूक असतात. त्यामुळे पूर्ण आयुष्याऐवजी एकदोन महिन्यांच्या चाचणीतूनही बरेच कळू शकते.

१९८५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने गोड्या पाण्यासाठी प्रत्येक पदार्थाचे एक नव्हे, तर दोन आकडे ठरवण्याची पद्धत घालून दिली. तात्कालिक आकडा एका तासाच्या सरासरीसाठी आणि दीर्घकालीन आकडा चार दिवसांच्या सरासरीसाठी. दीर्घकालीन आकड्याला चारच दिवस का? कारण नदीतील प्रमाण सतत वरखाली होते आणि नाजूक अळीला दगा व्हायला तेवढे दिवस पुरतात. तेथे चार दिवस हा चाचणीचा काळ नसून पाण्यातील प्रमाणाची सरासरी काढण्याचा काळ आहे.

हे दोन आकडे शेजारी ठेवले तर काय दिसते, ते दोन ओळखीच्या धातूंवरून पाहू. या पद्धतीने दर लिटरला १०० मिलिग्रॅम कठीणपणा असलेल्या पाण्यासाठी दिलेल्या मर्यादा अशा होत्या (तांब्याची पद्धत २००७ मध्ये बदलली, पण आपल्या तुलनेला हे आकडे पुरेसे आहेत):

तांबे – तात्कालिक १३, दीर्घकालीन ९ मायक्रोग्रॅम प्रतिलिटर
शिसे – तात्कालिक ६५, दीर्घकालीन २.५ मायक्रोग्रॅम प्रतिलिटर

केवळ तात्कालिक स्तंभ पाहिला तर जलचरांना तांबे शिशापेक्षा पाचपट घातक वाटते. दीर्घकालीन स्तंभ पाहिला तर क्रम उलटतो आणि शिसे साडेतीनपटीहून अधिक घातक ठरते. तांब्याच्या दोन आकड्यांत जेमतेम दीडपटीचे अंतर आहे, शिशाच्या दोन आकड्यांत २६ पटींचे. चुकीचा स्तंभ वाचला तर केवळ प्रमाण चुकत नाही. कोणत्या पदार्थाला आधी आवर घालायचा हा निर्णयच चुकतो. हा तक्ता फळ्यावर लिहून विद्यार्थ्यांना भागाकार करायला सांगावा. अर्धा विषय तेथेच कळतो.

आपल्याकडचा ९६ तासांचा नियम

सरांच्या कागदावरील वाक्य आकाशातून पडलेले नव्हते. भारतात पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ यांच्या सहाव्या परिशिष्टात सांडपाण्याचे सर्वसाधारण निकष दिलेले आहेत. त्यांत एक जैविक कसोटीही आहे: शंभर टक्के सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत. हा निकष निरुपयोगी मुळीच नाही. रासायनिक विश्लेषणात न सापडणारे मिश्रणाचे एकत्रित विष मासा सांगतो, आणि सांडपाणी पातळ न करता तपासले जाते. त्याच परिशिष्टात धातू आणि इतर पदार्थांच्या स्वतंत्र मर्यादाही आहेत. पण माशांची ही कसोटी तात्कालिक आहे. 'हे पाणी लगेच मारत नाही' एवढेच ती सांगते.

पर्यावरणीय परिणामांचे मूल्यमापन मात्र वेगळाच प्रश्न विचारते. आपल्याकडे २७ जानेवारी १९९४ च्या अधिसूचनेने ते ठरावीक प्रकल्पांना बंधनकारक झाले, १९९७ मध्ये जनसुनावणी आली आणि १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने जुन्या अधिसूचनेची जागा घेतली. कारखाना चार दिवसांसाठी उभा राहत नाही. तो पंचवीस-तीस वर्षे चालतो. तेवढ्या काळात माशांच्या कितीतरी पिढ्या त्या पाण्यात जन्मणार असतात. अशा प्रश्नाला ९६ तासांचा आकडा उत्तर म्हणून देणे म्हणजे विद्यार्थ्याने पहिल्या आठवड्यात हजेरी लावली, सबब तो वार्षिक परीक्षेत पास होणार, असे म्हणण्यासारखे आहे.

याची उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर तात्कालिक आकडे टाकाऊ आहेत असा गैरसमज व्हायचा. टँकर उलटला, टाकी फुटली, झडप निकामी झाली, तर पहिल्या काही तासांत काय होईल हे तात्कालिक आकडाच सांगतो. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये मिथाइल आयसोसायनेटने हजारोंचा बळी घेतला, तो काही तासांच्या संपर्काने. आणि भोपाळनेच आणखी एक गोष्ट शिकवली. संपर्क तात्कालिक असला तरी परिणाम दीर्घकाळ राहू शकतो. वाचलेल्या अनेकांना फुप्फुसांचे आणि डोळ्यांचे विकार पुढे वर्षानुवर्षे भोगावे लागले. म्हणून संपर्क किती काळ आणि परिणाम किती काळ, हे दोन काळ वेगवेगळे विचारावेत. चांगल्या अहवालात अपघातासाठी एक आकडा हवा आणि रोजच्या विसर्गासाठी दुसरा.

वर्गात काय करता येईल?

माशांना त्रास न देता हा फरक शाळेत दाखवता येतो. आठ सारख्या कुंड्यांत मूग पेरावेत. दोन कुंड्यांना साधे पाणी आणि इतरांना दोन-दोनच्या जोडीने चढत्या प्रमाणात मीठ घातलेले पाणी द्यावे. कुंड्यांचे भोक बुजवावे आणि सर्व कुंड्यांना सारखेच, पण बेताने पाणी घालावे. आठवड्याभरात किती बिया उगवल्या ते मोजावे. ही झाली तात्कालिक कसोटी. मग प्रयोग बंद न करता दोन-अडीच महिने चालू ठेवावा आणि उंची, फुले व शेंगा मोजाव्यात. पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते, हेही विद्यार्थ्यांच्या लक्षात येईल. पहिल्या आठवड्याचा आणि शेवटचा असे दोन्ही आलेख एकाच कागदावर काढून घ्यावेत.

त्या दिवशी सरांना आम्ही तीन प्रश्न लिहून दिले. अहवालात विषारीपणाचा आकडा दिसला की ते विचारावेत. हा आकडा किती काळाच्या चाचणीतून आला? कोणत्या जीवाच्या कोणत्या अवस्थेवर चाचणी झाली? आणि त्यात मृत्यू मोजले की वाढ आणि पिल्ले? तिन्ही उत्तरे अहवालात असतील तर 'सबब' म्हणायला काही आधार आहे. नसतील तर जनसुनावणीत ती मागण्याचा गावाला अधिकार आहे.

सरांनी कागदाची घडी घातली आणि विचारले, "म्हणजे भोई उगाच घाबरत नाहीत तर?" त्यांची भीती खरी की खोटी हे त्या आकड्यावरून आम्हालाही सांगता येत नव्हते. पण त्यांचा प्रश्न बरोबर होता. जाळ्यात आज मासा आहे की नाही एवढेच ते पाहत नव्हते. पुढच्या पावसाळ्यात नदीत पिल्ले दिसतील का, हे ते विचारत होते.